उपासनेसाठी बायबलचं भाषांतर कसं निवडावं? कमिटीवरच्या एका भावाला उत्तर

प्रश्न असा आहे. गडहिंग्लज भागातल्या एका मंडळीत रविवारच्या उपासनेला बायबल सोसायटीचं जुनं ‘पवित्र शास्त्र’ वाचतात. तरुण मुलं म्हणतात, ऐकून डोक्यात काही शिरत नाही, मोबाईलवरचं सोपं भाषांतर घेऊ या. ज्येष्ठ म्हणतात, नव्या भाषांतरांत वचनं गाळलेली आहेत, ती पुलपिटवर, म्हणजे चर्चमध्ये जिथून वाचतात त्या व्यासपीठावर, नकोत. पाळकसाहेबांनी निर्णय कमिटीवर सोडलाय. कमिटीवर नव्यानेच आलेल्या या भावाने विचारलंय की चर्च हे ठरवतं कसं, आणि मराठीतलं सगळ्यात अचूक भाषांतर कोणतं.

दुसऱ्या प्रश्नाचं आधी सांगतो: त्याच्या उत्तराने तुमचा निर्णय होणार नाही. अचूक म्हणजे कशासाठी अचूक, हे ठरवल्याशिवाय त्या शब्दाला अर्थ नाही. टेबलावर ठेवून, पेन्सिल हातात घेऊन अभ्यास करायला जे उत्तम, तेच भाषांतर भरलेल्या हॉलमध्ये मोठ्याने वाचल्यावर तिसऱ्या ओळीत कोसळू शकतं. उलट मुलांना गोष्ट सांगायला जे छान, ते प्रभुभोजनाच्या वेळी फिकं पडतं. तुमचा खरा प्रश्न असा आहे: आपल्या लोकांसमोर एकदाच, मोठ्याने वाचल्यावर कोणत्या भाषांतरातून मूळ आशय धडपणे पोचतो, आणि ते ठरवायचा हक्क कुणाचा?

मी कोल्हापुरात पाळकीय सेवा करून निवृत्त झालो. मधल्या काळात नव्या भाषांतरांचे मसुदे तपासणाऱ्या गटांत बसलो, आणि शास्त्रपाठ वाचणाऱ्यांना तयार करण्याचं काम अजूनही करतो. त्यामुळे खाली जे येईल त्याला कानाची बाजू जरा जड असेल.

हक्काचा मुद्दा मात्र सगळ्यात पहिला, कारण तो चुकला की बाकीची मेहनत पाण्यात. तुम्ही कोणत्या चर्चचे आहात हे लिहिलेलं नाही, आणि उत्तर त्यावर अवलंबून आहे. कॅथलिक असाल तर मिस्सेत, म्हणजे कॅथलिक उपासनेत, काय वाचायचं हे धर्मग्रामाच्या (स्थानिक चर्चच्या) कमिटीच्या हातात नसतं. पवित्र शास्त्राच्या भाषांतराला परमगुरुपीठाची (रोममधल्या पोपच्या पीठाची) किंवा बिशप परिषदेची मान्यता लागते, आणि उपासनेतल्या वाचनपुस्तकाची, म्हणजे त्या त्या दिवसाचे ठरलेले उतारे छापलेल्या पुस्तकाची, प्रक्रिया त्याहून वेगळी आणि काटेकोर असते. भारतातल्या लॅटिन विधीच्या कॅथलिक चर्चने इंग्रजी मिस्सेसाठी ‘इंग्लिश स्टँडर्ड व्हर्जन’च्या कॅथलिक आवृत्तीवर आधारलेलं नवं वाचनपुस्तक ५ एप्रिल २०२० च्या पाम संडेपासून लागू केलं. तेव्हा लॉकडाऊनमुळे चर्चं रिकामी होती. पण मुद्दा असा की निर्णय देशपातळीवरचा होता, कुणा एका चर्चचा नव्हता. शिवाय कॅथलिक बायबलात ७३ पुस्तकं, प्रोटेस्टंट बायबलात ६६. तेव्हा तोबीत किंवा मक्काबी या जादाच्या पुस्तकांतलं वाचन ज्या दिवशी येतं त्या दिवशी ६६ पुस्तकांची प्रत उपयोगाचीच नाही.

चर्च ऑफ नॉर्थ इंडियात असाल तर पाळक आणि कमिटी यांनी परस्पर ठरवण्याआधी डायोसिसमध्ये, म्हणजे बिशपच्या अखत्यारीतल्या विभागाच्या कचेरीत, विचारा. हे चर्च २९ नोव्हेंबर १९७० ला सहा चर्च एकत्र येऊन झालं, त्यात अँग्लिकनही आले आणि प्रेस्बिटेरियन-काँग्रिगेशनल परंपरेचेही. त्यामुळे ‘आमच्याकडे असंच असतं’ असं सांगणारी माणसं एकाच बाकावर बसून वेगवेगळं सांगतात. स्वतंत्र मंडळी असेल तर पाळक आणि वडीलमंडळी मिळून ठरवू शकतात, पण मग तपासणीची जबाबदारीही पूर्ण तुमचीच. वर मान्यता देणारं कुणी नाही म्हणजे काम सोपं झालं असं वाटतं. माझ्या मते ते अवघड होतं.

आता वचनं गाळल्याचा आक्षेप. याकडे हसून बघू नका. ज्या आजोबांनी आयुष्यभर एक बायबल वाचलं, त्यांना प्रेषितांची कृत्ये ८ मध्ये छत्तिसाव्या वचनानंतर एकदम अडतिसावं दिसलं, तर त्यांनी काय समजावं? तेही नेमकं सदतिसावं, जिथे कूशी षंढ (कूश देशाच्या राणीचा अधिकारी) बाप्तिस्म्याआधी विश्वासाची कबुली देतो. बाप्तिस्म्याच्या तयारीत अनेकांनी ते पाठ केलेलं असतं.

कारण समजावून सांगता येतं, आणि शांतपणे सांगितलं तर लोक ऐकतात. नव्या कराराला आज आपण वापरतो ते वचनांचे आकडे १५५१ मध्ये रोबेर एस्तिएन या छापखानेवाल्याने दिले. त्याच्या हाताशी जो ग्रीक मजकूर होता तो बहुतांशी उशिराच्या काळातल्या हस्तलिखितांवरून आलेला होता. पुढे चौथ्या शतकातली सिनाय आणि व्हॅटिकनची हस्तलिखितं अभ्यासकांना नीट तपासायला मिळाली. त्यांत काही ओळी नाहीतच असं दिसलं. ओळ काढली तरी पुढचे आकडे बदलता येत नाहीत, नाहीतर सगळ्या जगाचे संदर्भ कोलमडतील. म्हणून आकडा रिकामा राहतो. मत्तय १७:२१, १८:११ आणि २३:१४ इथेही हेच घडलंय. मार्क १६ चा शेवट आणि योहान ८ मधली व्यभिचारात धरलेल्या स्त्रीची हकिगत ही मोठी उदाहरणं. तिथे बहुतेक भाषांतरकार मजकूर ठेवतात, पण कंस घालतात किंवा तळाशी टीप देतात.

तेव्हा भाषांतर हातात आलं की पहिलं काम म्हणजे या जागा उघडून बघायच्या. ओळ ठेवली की काढली यापेक्षा मी हे बघतो की वाचकाला काही सांगितलंय का. टीप असेल, प्रस्तावनेत कोणता हिब्रू आणि ग्रीक मजकूर आधाराला घेतला हे लिहिलेलं असेल, तर काम जबाबदारीने झालंय. टीप नाही, प्रस्तावना नाही आणि आकडाच गायब, तर ते पुलपिटसाठी मी बाजूला ठेवतो, मग भाषा कितीही गोड असो. आणि वाचणाऱ्याला आधीच सांगून ठेवा की कंस आला तर काय करायचं. भर उपासनेत ‘कंस सुरू, कंस पूर्ण’ असं वाचलेलं मी ऐकलंय.

यातच आपल्या प्रभूच्या प्रार्थनेचा शेवट येतो. ‘राज्य, सामर्थ्य, गौरव’ ही ओळ मत्तयाच्या जुन्या हस्तलिखितांत नाही, लूक ११ मध्येही नाही. म्हणून काय ती म्हणायची सोडायची? मुळीच नाही. उपासनाक्रमातली प्रार्थना ही मंडळीची प्रार्थना आहे, ती आहे तशी चालू राहील. मत्तय ६ चं वाचन त्या भाषांतरात जसं छापलंय तसं होईल. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे कमिटीच्या इतिवृत्तात एका ओळीत लिहून ठेवा, पुढचे वाद वाचतील.

भाषांतर केलं कुणी, हा पुढचा प्रश्न. उपासनेसाठी चर्च सहसा गटाने केलेल्या कामाला झुकतं माप देतात: मूळ भाषा येणारे लोक, मराठीचे जाणकार, वेगवेगळ्या चर्चमधून आलेले परीक्षक, आणि वरून तपासणारा सल्लागार. एका माणसाची लहर त्यात गाळली जाते. इंग्रजी सोप्या बायबलवरून कुणी एकट्याने केलेलं मराठी रूप घरी वाचायला चालेल, पण त्यात इंग्रजीतल्या निवडी आणि चुका दोन्ही पाझरतात.

याला मोठा अपवाद आपल्याच मातीत आहे. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती सदनात हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मराठीत आणलं. एप्रिल १९२२ मध्ये त्या वारल्या, आणि भाषांतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झालं. साध्या, कमी शिकलेल्या बायकांना कळावं ही त्यांची तळमळ होती. म्हणजे तुमच्या तरुणांची तक्रार शंभर वर्षांपूर्वीही होती आणि ती एका विदुषीने गंभीरपणे घेतली होती. ज्येष्ठांना हे सांगा. तरुणांना हे सांगा की सोपं करण्यासाठी त्या आधी दोन भाषा शिकल्या.

तुमच्या मंडळीला जुन्या अमेरिकन मिशनचा वारसा असेल तर आणखी एक आधार दोघांनाही दाखवता येईल. अमेरिकन मिशनरी रॉयल वायल्डर १८५२ मध्ये कोल्हापुरात आले आणि पुढे इथलं काम प्रेस्बिटेरियन बोर्डाखाली गेलं. त्या परंपरेचा सतराव्या शतकातला वेस्टमिन्स्टर विश्वासजाहीरनामा पहिल्याच प्रकरणात दोन गोष्टी एका दमात सांगतो: वाद झाला तर शेवटचा निवाडा हिब्रू आणि ग्रीक मजकुराचा, आणि शास्त्र प्रत्येक राष्ट्राच्या लोकभाषेत आलंच पाहिजे. बाजू घेऊन भांडायला त्यात जागा नाही.

आता तुम्ही म्हणाल, आमच्या कमिटीत ग्रीक कुणाला येतंय? येत नसलं तरी बरंच तपासता येतं, कारण मराठी भाषाच भाषांतरकाराला काही ठिकाणी उघडं पाडते. माझी आवडती चाचणी ‘आम्ही’ आणि ‘आपण’ची. ग्रीकमध्ये दोन्हीला एकच शब्द आहे, मराठीत निवड करावीच लागते. मार्क ४:३८ मध्ये वादळात शिष्य येशूला उठवतात. ‘आम्ही बुडतोय’ म्हणतात की ‘आपण बुडतोय’? येशू त्याच नावेत आहे. लूक ७:५ त्याहून अवघड. यहूदी वडील येशूला एका रोमी शताधिपतीबद्दल (शंभर शिपायांवरच्या अधिकाऱ्याबद्दल) सांगतात की आपल्या राष्ट्रावर त्याचं प्रेम आहे. ‘आमच्या राष्ट्रावर’ म्हटलं तर येशू परका ठरतो. ‘तो आपल्या राष्ट्रावर प्रेम करतो’ म्हटलं तर ऐकणाऱ्याला वाटतं, शताधिपतीचं स्वतःच्याच देशावर प्रेम आहे. डोळ्यांनी वाचताना हा घोळ जाणवत नाही, कानाने ऐकताना लगेच होतो. ‘आपल्या यहूदी लोकांवर’ असं काहीतरी करून ज्याने ही गाठ सोडवली, त्याने ऐकणाऱ्याचा विचार केलाय. अशा दोन-चार जागा बघितल्या की भाषांतरकार जागा होता की नव्हता ते कळतं.

तो-ते हा त्याचाच भाऊ. जुन्या भाषांतराच्या निवेदनात येशूला ‘तो’ म्हटलंय. काही तरुणांना ते उद्धट वाटतं, काही ज्येष्ठांना ‘ते’ परकं वाटतं. तुकोबा विठ्ठलाला ‘तू’च म्हणतात, त्यात अनादर कुणाला दिसत नाही, त्यामुळे माझा कल ‘तो’कडे आहे. पण यावरून एखादं भाषांतर नाकारू नये. फक्त एकसारखेपणा बघा. एका पानावर ‘येशू म्हणाला’ आणि पुढच्या पानावर ‘येशू म्हणाले’ असेल तर शेवटची तपासणी घाईत झालीय.

यानंतर कानाची परीक्षा. इथेच सगळ्यात जास्त वेळ घालवा असं माझं सांगणं आहे, कारण बाकीचं तुम्हाला कुणी जाणकार सांगू शकेल, हे मात्र तुमच्या हॉलमध्येच होणार.

पद्धत साधी आहे. तीन भाषांतरं घ्या, त्यांवर नावं न घालता एकाच उताऱ्याच्या प्रती काढा. वाचायला वेगवेगळे लोक उभे करा: एक मास्तर, एक शेतात जाणारी बाई, एक कॉलेजचा मुलगा. माईक आणि पंखे रविवारी असतात तसेच चालू ठेवा. पत्र्याचं छप्पर असेल आणि आवाज घुमत असेल तर ते चांगलंच, खरी परिस्थिती तीच. ऐकणाऱ्यांच्या हातात कागद द्यायचा नाही. कागद दिला की माणूस वाचतो, ऐकत नाही, आणि परीक्षा फुकट जाते.

वाचून झालं की ‘कळलं का?’ असं चुकूनही विचारू नका. आपल्याकडे सगळे ‘व्हय, कळलं की’ म्हणतात. पाळकासमोर कोण नाही म्हणणार? त्याऐवजी म्हणा, ‘काकू, काय झालं ते तुमच्या शब्दांत सांगा.’ काकू सांगू लागल्या की समजतं. कुणी कुणाला काय म्हणालं यात गोंधळ झाला तर दोष सर्वनामांचा. शेवट आठवला आणि सुरुवात विसरली तर वाक्यं लांब. सगळी गोष्ट नीट सांगितली पण मुख्य धक्काच गेला, म्हणजे उधळ्या पुत्राच्या गोष्टीत धाकटा मुलगा परत आल्यावर बाप धावत सुटला हे वाक्य सपाट होऊन निसटलं, तर भाषांतर बरोबर असूनही मेलेलं आहे. गडहिंग्लजला कन्नड घरात बोलणारी माणसं असतील, चंदगडकडून आलेल्यांची मराठी आणखी वेगळी. त्यांना मुद्दाम बसवा. पुण्याच्या मराठीत जे सोपं ते तुमच्याकडे सोपं असेलच असं नाही.

उतारे निवडताना फक्त गोष्टी घेऊ नका, गोष्टी सगळ्यांत बऱ्याच निघतात. लूक १५ घ्या, पण त्याबरोबर इफिसकरांस पत्राचा पहिला अध्याय घ्या. तिथे वचन ३ ते १४ ग्रीकमध्ये एकच सलग वाक्य आहे, आणि ते कसं तोडलंय यावर भाषांतराची सगळी भूमिका कळते. रोमकरांस ३ चा शेवट घ्या. यशया ५३ घ्या, तिथे कविता टिकली पाहिजे. आणि ज्या दिवशी लोकांचं मन खरंच उघडं असतं त्या दिवसाचं वाचन घ्याच: दफनविधीला योहान १४ आणि १ करिंथकरांस १५, लग्नाला १ करिंथकरांस १३. मयताच्या घरी उभं राहून जे वाचवत नाही ते मी मंडळीला कधीच सुचवलं नाही.

इथे तरुणांना एक सांगायचंय. छोटी वाक्यं म्हणजे सोपी मराठी, हा समज इंग्रजीतून आलाय. मराठी माणूस बोलतानाही ‘घेऊन, मोडून, देऊन’ अशी क्रियापदं ओवत जातो आणि ऐकणारा सहज बरोबर येतो. ‘त्याने भाकर घेतली. त्याने आभार मानले. त्याने ती मोडली.’ हे बातम्यांसारखं वाजतं, मराठीसारखं नाही. मोबाईलवरच्या काही सोप्या भाषांतरांचा हाच दोष आहे: शब्द सोपे, चाल परकी. जुन्या ‘पवित्र शास्त्रा’ची उलट गत. त्याची चाल पुष्कळ ठिकाणी भारदस्त आणि अस्सल मराठी आहे, पण अर्धविरामांवर अर्धविराम येत जातात, आणि ‘उपकारस्तुती’सारखे शब्द चर्चबाहेर कुणी बोलत नाही. तरी हेही खरं की चांगला वाचणारा त्यातलं निम्मं अवघडपण उतरवतो. म्हणून बदल करण्याआधी एक महिना जुनंच भाषांतर नीट तयारी करून वाचून बघा. शास्त्रपाठ शनिवारी रात्रीच वाचणाऱ्याला द्या, रविवारी दारात चिठ्ठी देऊ नका. माझ्या पाहण्यात काही मंडळ्यांची तक्रार एवढ्यानेच अर्ध्यावर आली.

पाठांतराची बाजू वेगळी मांडतो, कारण कमिट्या ती विसरतात. उपासनेतलं बायबल लोक नुसतं ऐकत नाहीत, ओठांत म्हणत असतात. ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही’ हे स्तोत्र तुमच्या मंडळीतल्या किती म्हाताऱ्यांना पाठ असेल बघा. पुलपिटवरून वेगळे शब्द आले की ते वाक्याच्या मध्येच थांबतात. हा जुनाच अनुभव आहे. ४०३ च्या सुमारास बिशप ऑगस्टीनने, बायबल लॅटिनमध्ये आणणाऱ्या जेरोमला पत्रातून कळवलं की उत्तर आफ्रिकेतल्या ओया इथल्या बिशपने जेरोमचं नवं भाषांतर वाचायला घेतलं, आणि योनाच्या पुस्तकात योनाला सावली देणाऱ्या झाडाचं नाव वेगळं ऐकून लोक खवळले. बिशपवर मंडळी गमावण्याची पाळी आली. झाड भोपळ्याचं की आयव्हीचं, यावर तारण अवलंबून नव्हतं. पण पिढ्यान्‌पिढ्या कानावर पडलेलं अचानक बदललं, तेही न सांगता.

म्हणून माझा सल्ला, काही मजकूर बदलाच्या बाहेर ठेवा. प्रभूची प्रार्थना, तेविसावं स्तोत्र, दहा आज्ञा, आशीर्वचन हे जसे पाठ आहेत तसेच राहू देत. प्रभुभोजनाच्या वेळचे १ करिंथकरांस ११ मधले शब्द तुमच्या उपासनाक्रमात कसे छापलेत ते बघा. पाळक एक शब्द म्हणतात आणि शास्त्रपाठात दुसरा येतो, असं एकाच रविवारी होऊ नये. ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहातली गीतं तर बदलणार नाहीतच. नारायण वामन टिळकांच्या ओळींत जे शब्द बसलेत ते लोकांच्या गळ्यात आहेत, आणि नवं भाषांतर त्या शब्दांच्या फार दूर गेलं तर गाण्यातला देव आणि वाचनातला देव वेगळे वाटू लागतात. हे निकषांच्या कोणत्याही यादीत मला क्वचित दिसतं, पण मी याला बरंच वजन देतो.

इथवरचं थोडक्यात: अधिकार कुणाचा ते विचारा, प्रस्तावना आणि टिपा बघा, ‘आम्ही-आपण’सारख्या अवघड जागा चाळा, मग हॉलमध्ये मोठ्याने वाचून लोकांकडून परत सांगून घ्या, आणि पाठ असलेल्या मजकुराला हात लावू नका.

व्यवहाराच्या गोष्टी कमी नाहीत, पण पटकन सांगतो. पुलपिटवर ठेवायला मोठ्या टाइपाची छापील, बांधणी पक्की प्रत मिळते का? मोबाईलवरून शास्त्रपाठ वाचू देऊ नका. वाचताना फोन वाजतो हे एक, आणि ॲपमधला मजकूर प्रकाशक मधूनच सुधारतो, तुम्हाला कळतही नाही. पडद्यावर वचनं दाखवत असाल किंवा उपासनेची पत्रिका छापत असाल तर परवानगीचं बघा. बायबल सोसायटीच्या भाषांतरांचे हक्क सोसायटीकडे आहेत. ‘इंडियन रिव्हाइज्ड व्हर्जन’ हे आणखी एक भाषांतर क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली (कुणालाही अटींसह मोफत वापरायला) खुलं आहे, पण त्यालाही नामनिर्देशाची अट आहे. फुकट आहे म्हणून ते निवडू नका आणि फुकट आहे म्हणून नाकारूही नका. ठरलेल्या वाचनक्रमाप्रमाणे वाचत असाल तर स्तोत्रांचे आणि वचनांचे आकडे जुळतात का ते तपासा. हिब्रू परंपरेत बऱ्याच स्तोत्रांचं शीर्षक हेच पहिलं वचन धरतात, त्यामुळे एखाददुसऱ्या आकड्याचा फरक पडतो. मलाखी आणि योएलमध्ये अध्यायच वेगळे मोडतात.

तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगतो, दोन भाषांतरं वापरायला काही हरकत नाही. पुलपिटवर एक, तरुण संघाच्या आणि संडे स्कूलच्या वर्गात दुसरं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं ‘सुबोध बायबल’ माझ्या ओळखीचे काही प्रोटेस्टंट पाळकही संदेशाच्या तयारीला वाचतात. चांगल्या मराठीला पंथ नसतो. पाळकाने संदेशात ‘दुसऱ्या भाषांतरात हे असं आहे’ म्हटलं की लोक दोन्ही ऐकायला शिकतात. मात्र रविवारच्या मुख्य वाचनाला दर आठवड्याला भाषांतर बदलू नका. मग कुणालाच काही पाठ होत नाही.

निर्णय मताने घ्यायचा का? माझा अनुभव विरुद्ध आहे. बारा-नऊ असं मतदान झालं की नऊ जण पुढची दहा वर्षं मोजून चुका काढतात. मुदत ठरवून प्रयोग करा. गळीत हंगामात करू नका, तेव्हा निम्मी मंडळी उसात असते आणि जी येते ती दमलेली असते. पाऊस सुरू झाल्यावर ते गळीत सुरू होईपर्यंतचा काळ बरा. पहिल्याच रविवारी पाळकसाहेबांनी स्वतः उभं राहून सांगावं की काय बदलतंय, काय बदलत नाही, आणि कोणत्या तारखेला आपण परत बसून बघणार आहोत. तक्रारींसाठी एक वही ठेवा. त्यात नुसतं ‘आवडलं नाही’ असं न लिहिता पुस्तक, अध्याय, वचन लिहायचं. वही भरली की दिसेल, बऱ्याच तक्रारी त्याच पाच-सात जागांवर येतात. त्या जागा अभ्यासकाला दाखवता येतात, बायबल सोसायटीला कळवताही येतात. पुढच्या आवृत्तीच्या वेळी परीक्षकांना अशाच नोंदी हव्या असतात.

आणि ज्या आजोबांचा विरोध आहे त्यांना त्या चाचणीला पहिल्या बाकावर बसवा, वही त्यांच्याच ताब्यात द्या. त्यांच्याइतकं बारकाईने दुसरं कुणी ऐकणार नाही. प्रयोग संपल्यावरही त्यांचं मत तेच राहिलं तर राहू दे. त्यांच्या जुन्या प्रतीतून त्यांनी महिन्यातून एकदा जुन्या कराराचं वाचन करावं, ही सोय मी एका मंडळीत सुचवली होती. ती अजून चालू आहे.

तुमचं चर्च कोणतं, सध्याच्या प्रतीवर कोणतं आवृत्तीवर्ष छापलंय आणि मोबाईलवर तरुण नेमकं कोणतं भाषांतर वाचतात, हे कळवलंत तर उताऱ्यांची यादी तुमच्यापुरती करून देता येईल.